अवघड नावाचे सांचिर

मी माझ्या मित्राच्या तान्ह्या मुलीला सरकारदरबारी त्याची सख्खी बहीण करून टाकलं. नजरचुकीने नाही, घाईगर्दीतही नाही. दुपारचा चहा घेऊन, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ऐसपैस बसून, कॅपिटल अक्षरांत, एकही खाडाखोड न करता मी ते केलं आणि वर स्वतःवर खूशही झालो. माणूस तेवीस वर्षांचा असला, त्याला बऱ्यापैकी इंग्रजी येत असलं आणि घरातल्या बाकीच्यांना त्याच्याहून थोडं कमी येत असलं, की त्याच्या अंगात एक कलेक्टर शिरतो. माझ्या अंगात तो त्या वर्षी कायमचा मुक्कामाला होता.

आम्ही तेव्हा सिडनीत टूनगॅबीला राहायचो. आम्ही म्हणजे मी आणि फिलू मावशी. मावशी माझ्या आईची धाकटी बहीण, वसईची, वृद्धांच्या एका नर्सिंग होममध्ये नर्स. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, त्यामुळे तिच्या वाट्याची सगळी आईगिरी आणि सगळी शिवीगाळ माझ्या एकट्याच्या नशिबी. घर फायब्रोचं, म्हणजे सिमेंटच्या पातळ पत्र्यांचं, उन्हाळ्यात भट्टी, हिवाळ्यात बर्फाची पेटी. मागच्या अंगणात कपडे वाळत घालायची छत्रीसारखी गोल फिरणारी दांडी होती, ती वाऱ्याने अशी कुरकुरायची की नव्या पाहुण्याला कुणीतरी विव्हळतंय असं वाटावं. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या आणि रेडिओवर घोड्यांच्या शर्यतीची कॉमेंट्री एकाच वेळी चालू असायची. मावशीला शर्यतीतलं ओ की ठो कळत नव्हतं. तिला फक्त तो माणूस शेवटी धापा टाकायचा ते आवडायचं. कपाटात गावाहून आलेला मसाला बियरच्या बाटलीत ठासून भरलेला, आणि त्याच्या शेजारी सुकेळी. ती विमानतळावर कस्टम्सच्या साहेबाला ‘हे केळंच आहे, फक्त म्हातारं झालंय’ असं समजावून मावशीने सोडवून आणलेली.

मागची खोली रिकामी होती, ती तिने एका मंगोलियन माणसाला दिली. हा एनेबिश. उंच, रुंद खांद्यांचा, गालांवर थंडीने कायमचे भाजलेले लाल डाग, आणि बोलणं इतकं कमी की पहिले पंधरा दिवस मावशीला वाटलं याचा घसा बसलाय. कॉलेजात शिकायला आला होता आणि मी काम करायचो त्याच लाँड्रीत, हॉस्पिटलांच्या चादरी धुवायच्या कारखान्यात, शिफ्ट करायचा. सकाळी उठून तो दुधाचा चहा उकळायचा, त्यात साखरेऐवजी मीठ घालायचा आणि पहिला डावभर चहा घेऊन मागच्या दारात जाऊन आभाळाकडे उडवायचा. आभाळ आणि टूनगॅबी यांच्या मध्ये मावशीच्या धुतलेल्या चादरी असायच्या. “अरे बाळा, देवाला दे की, पण माझ्या चादरी सोडून दे,” ती मराठीत ओरडायची. त्याला शब्द कळायचे नाहीत, सूर कळायचा. दुसऱ्या दिवसापासून तो कुंपणापाशी जाऊन आभाळाला चहा पाजू लागला. मावशीने त्याचा खारा चहा एकदा चाखला, चेहरा सरळ ठेवला आणि मला म्हणाली, “औषध म्हणून बरा आहे.” त्याने तिला वाळवलेल्या दह्याचे खडे दिले, तिने त्याला सुकेळी दिली. खड्याने तिची दाढ हलली, सुकेळी त्याने एका बैठकीत संपवली. तिथून दोघांचं जमलं.

आता नावांकडे येतो, कारण माझा सगळा राग तिथेच साठलेला आहे. मी पास्कोल लोपीस. वसईतल्या आमच्या घरात चार-पाच पिढ्या पास्कोल आणि जुजे आलटून पालटून येतात. थोरल्या मुलाला आजोबांचं नाव, हा नियम. घरात मराठी, चर्चमध्ये मराठी, शिव्या तर शुद्ध मराठी. पण सिडनीत मंडळाच्या गणपतीला गेलो की हमखास एक गृहस्थ प्रसादाची वाटी हातात देत म्हणायचे, “वा! तुम्ही मराठी छान बोलता हो. कुठे शिकलात?” यावरचं खणखणीत उत्तर मला दर वर्षी परतीच्या ट्रेनमध्ये सुचायचं. गोरे लोक विचारायचे, “लोपीस? पण तू तर इंडियन दिसतोस!” नावावरून माणसाचा हिशेब मांडणाऱ्यांचा मला इतका संताप होता की त्यावर मी तासभर बोलू शकत असे, आणि बोलतही असे. हे सांगून ठेवतो, म्हणजे पुढे माझ्या अकलेचं योग्य ते मोल होईल.

एनेबिश म्हणजे ‘हा नव्हे’. त्याच्या आधी झालेले दोन भाऊ पाळण्यातच गेले. तिसरा झाला तेव्हा आईने त्याचं नाव ठेवलं, हा नव्हे. मुलं न्यायला येणारं जे काही असतं ते दाराशी आलं, तर त्याने नाव ऐकावं आणि म्हणावं, अच्छा, आपण शोधतोय तो हा नव्हे, आणि निघून जावं. तिकडे ‘बिननावाचा’, ‘माणूस नव्हे’, ‘वाईट कुत्रा’ अशीही नावं असतात, सगळी याच कारणाने. मला यात नवल वाटायचं काही कारण नव्हतं. शाळेत माझ्या बाकावर धोंडू बसायचा, मागे दगडू. त्यांच्याही आधी कुणी कुणी गेलेलं होतं, म्हणून ते दगड-धोंडे झाले आणि टिकले. पण परदेशी गेलेल्या माणसाला दुसऱ्याचा धोंडू ओळखता येत नाही. मला वाटलं, बिचारा. जन्मभर ‘हा नव्हे’ म्हणून हाक ऐकायची!

याउलट त्याच्या बापाचं नाव सांचिर. म्हणजे शनी, आपला शनैश्चरच, संस्कृतातून निघून कुठून कुठून फिरत त्यांच्या भाषेत जाऊन पोचलेला. गुरूलाही ते बर्खासबादी म्हणतात, आपला बृहस्पती. हे ऐकून मी असा फुललो होतो, जणू ती नावं माझ्याच खिशातून गेली होती. मंगोलियन माणसाला आडनाव नसतं. स्वतःचं एक नाव, आणि त्याच्या आधी बापाचं. पासपोर्टवाल्यांना मात्र आडनावाची चौकट भरायचीच असते, म्हणून तिथे बापाचं नाव बसवतात. लाँड्रीत भरतीचा फॉर्म मीच भरला होता. ‘कोणत्या नावाने हाक मारावी?’ या रकान्यात मी त्याला न विचारता लिहिलं, सांचिर. छान, भारदस्त, गोऱ्यांच्या तोंडी बसेल असं.

आमचा सुपरवायझर ग्लेन मनाने चांगला, आवाजाने भोंगा. दुसऱ्या दिवसापासून वाफेच्या धुरातून हाका सुरू झाल्या. “सांचिर! मळक्या चादरींची गाडी ढकल!” “सांचिर, मेट, ड्रेन तुंबलंय, हात घाल!” प्रत्येक हाकेला एनेबिश मान किंचित खाली घालायचा, कुणी मानेवर गार पाणी ओतावं तसा. मला वाटायचं, लाजाळू आहे.

एकदा रविवारी मावशी मटण शिजवत होती आणि तो कणीक मळत होता, मटणाचं सारण भरून वाफवायचे ते त्यांचे गोळे करायला. मावशीने सवयीने मराठीतच विचारलं, “वडील काय करायचे?” मी इंग्रजीत करून सांगितलं. तो म्हणाला, “माझे वडील, अवघड नावाचे सांचिर, घोड्यांचे डॉक्टर होते. मी नऊ वर्षांचा असताना गेले.” मी हसलो. “अवघड काय त्यात? तीन अक्षरांचं तर नाव!” तो कणकेचे तुकडे तोडत राहिला. त्यांच्यात आईबापाचं नाव पोरांनी घ्यायचं नसतं. घ्यावंच लागलं तर आधी ‘अवघड नावाचे’ म्हणायचं, म्हणजे जिभेने परवानगी मागितल्यासारखं. हे मला नंतर कळलं. विचारलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.

त्याच दुपारी त्याने आईच्या पेटीतल्या कागदाचं सांगितलं. आजोबांच्या हातचा कागद, जुन्या लिपीतला. ती लिपी वरून खाली लिहायची, पावसाच्या ओघळासारखी. मग एका पिढीत सरकारने ती बंद करून रशियन अक्षरं आणली, कुळांची नावंही पुसून टाकली. आजोबा लिहीत होते ते बापाला धड वाचता येईना, बाप वाचत होता ते आजोबांना. पुढे राज्य बदललं आणि नवीन फर्मान निघालं, आता आपापलं कूळ लिहा. आठवतंय कुणाला? “अर्ध्या देशाने त्या मोठ्या खानाचं कूळ लिहून दिलं,” एनेबिश म्हणाला आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज चढलेला मी ऐकला. “एका रात्रीत सगळे राजपुत्र. माझी आई म्हणाली, मी खोटं लिहिणार नाही. आमचं कूळ त्या कागदात आहे, आणि तो आम्हाला वाचता येत नाही.” मला आमच्या घरच्या वाडीचा मोडीतला कागद आठवला, जो वडील दर दिवाळीला ऊन दाखवून परत ठेवायचे आणि ज्यातला एक शब्द कुणाला लागत नसे. मी लगेच तो किस्सा सांगायला घेतला. वीस मिनिटं सांगितला. त्याचं बोलणं तिथेच राहिलं.

पुढे त्याची बायको सोलोंगो आली. बुटकी, चटपटीत, इंग्रजी शब्द मोजके पण प्रत्येक शब्द खिळ्यासारखा. वर्षभरात त्यांना मुलगी झाली. नोमिन. हॉस्पिटलातून घरी आल्यावर एनेबिशने जन्मनोंदणीचा फॉर्म माझ्यापुढे ठेवला. सलग दोन शिफ्ट करून आला होता, डोळे तारवटलेले. म्हणाला, “हिचं आडनाव एनेबिश लिही. मी बाप आहे, म्हणून माझं नाव.” मी हो म्हटलं. तो आंघोळीला गेला आणि माझ्यातला कलेक्टर जागा झाला. ही पोरगी इथल्या शाळेत जाणार. हजेरीला रोज ‘हा नव्हे’! आणि बापाच्या पासपोर्टशी जुळायला नको? बापाच्या पासपोर्टावर आडनावाच्या जागी सांचिर आहे, मग मुलीचंही सांचिर. सोपं, सुटसुटीत, शिवाय शनैश्चर. लिहिलं. तो बाहेर आला, मी बोट ठेवलं तिथे त्याने सही केली. सोलोंगोने पाळण्याशी बसल्या बसल्या केली. वाचलं दोघांनीही नाही. कारण मी मित्र होतो.

काही आठवड्यांनी सर्टिफिकेट आलं. शनिवारची सकाळ होती, मावशी तव्यावर बोंबील भाजत होती आणि सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. एनेबिशने पाकीट उघडलं. त्याची एक प्रत आईला पाठवायची होती. म्हातारी तिकडे रोज पोस्टमनची वाट पाहत होती, तो कागद तिला त्याच पेटीत ठेवायचा होता. त्याने वाचलं, परत वाचलं, सोलोंगोला दाखवलं. मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाला, “हे कुणी केलं?”

“मी,” मी म्हणालो. अजूनही खुशीत. “बघ, तुझ्या पासपोर्टशी जुळतं.”

“इथे लिहिलंय, ही सांचिरची मुलगी. सांचिरचा मुलगा मी आहे. म्हणजे ही माझी बहीण.”

“अरे, हे फक्त आडनाव...”

“आमच्यात आडनाव नाही!” त्याने टेबलावर हात आपटला. नोमिन दचकून रडायला लागली. “लाँड्रीत तू माझ्या बापाला हमाल केलंस. रोज तो भोंगा माझ्या मेलेल्या बापाला गटारात हात घालायला सांगतो. मी म्हटलं, जाऊ दे, मित्र आहे, त्याला माहीत नाही. पण हे मी तुला सांगितलं होतं. माझ्या तोंडाने सांगितलं होतं!”

मी म्हणालो, “मला वाटलं, त्या नावाचा अर्थ... पोरीला लोक...”

“माझ्या आईने मला लपवायला ते नाव दिलं,” तो म्हणाला. आता आवाज खाली आला होता आणि ते जास्त वाईट होतं. “दोन गेले, मी राहिलो. माझ्या मुलीपुढे माझं नाव लागलं, म्हणजे मी राहिलो हे खरं झालं. आई त्या कागदात हेच बघणार होती. आता ती काय बघेल? नवऱ्याला मेल्यावर मुलगी झाली?”

याचं उत्तर परतीच्या ट्रेनमध्येही सुचणार नव्हतं. मी मदतीसाठी मावशीकडे पाहिलं. एनेबिश रागात इंग्रजीच बोलत होता, तिला सगळं कळलं होतं. तिने गॅस बंद केला आणि मराठीत सुरू झाली. “तुझ्या आईने तुला जन्मात कधी पास्कू म्हणून हाक मारली रे?”

“नाही. बाबूच म्हणते.”

“का?”

मला खरंच कधी प्रश्न पडला नव्हता. मला वाटायचं, लाडाने.

“तुझं नाव तिच्या सासऱ्याचं. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही. पोटच्या पोराला ती नावाने हाक मारू शकली नाही, बाप्तिस्म्याच्या दिवशीसुद्धा नुसते ओठ हलवले तिने. आणि तू, गाढवा, दुसऱ्याच्या बापाचं नाव चौकात टांगून आलास! मंडळात कुणी तुला ‘मराठी कुठे शिकलात’ विचारलं तर आठ दिवस घर डोक्यावर घेतोस. ह्याने तुला काय विचारलं होतं? एक नाव लिहायला सांगितलं होतं. एक!”

आज इतक्या वर्षांनी लिहिताना राग कुणाचा येतो ते सांगतो. त्या चौकटींचा येतोच. आजही कुठल्याही वेबसाइटवर आडनावासमोर लाल फुली दिसली की माझं डोकं फिरतं. जगातल्या सगळ्या माणसांनी आपली आजी-पणजी, कुळं, नवस, मेलेली भावंडं एका रेघेत दोन तुकडे करून बसवायची, आणि नाही बसली तर पुढचं पान उघडणार नाही! पण चौकटीने एनेबिशच्या मुलीचं काही बिघडवलं नव्हतं. चौकट रिकामी होती. त्यात काय लिहायचं ते त्याने स्पष्ट सांगितलं होतं. चौकटीपेक्षा वाईट असतो तो चौकटीच्या बाजूने आधीच विचार करून ठेवणारा मदतनीस. नावं सुधारणाऱ्या साहेबाला मी जन्मभर शिव्या दिल्या, आणि माझ्या हातात एक कागद आला तेव्हा मी साहेब व्हायला पाच मिनिटंही घेतली नाहीत.

सोमवारी एनेबिश, सोलोंगो आणि मी नोंदणी कार्यालयात गेलो. खिडकीपलीकडची बाई शांत होती. म्हणाली, आईवडील दोघांनी अर्ज केला तर मुलीचं आडनाव बदलता येतं, पण बापाच्या आडनावाशी ते जुळणार नाही, चालेल ना? मी ताडकन पुढे झालो आणि मंगोलियन नामपद्धतीवर भाषण ठोकलं. वरून खाली लिहायची लिपी, पुसलेली कुळं, एका रात्रीतले राजपुत्र, सगळं. रांगेतले लोक ऐकू लागले. एक म्हातारा ‘गुड ऑन यू’ म्हणाला. मी आणखी चेकाळलो. बाईने माझं होईपर्यंत थांबून विचारलं, “सर, तुम्ही बाळाचे कोण?” मी म्हणालो, कुणी नाही. “मग जरा बाजूला व्हाल का?” एनेबिश पुढे झाला. “चालेल,” एवढंच म्हणाला. पूर्ण कामाला चार मिनिटं लागली.

त्याच दुपारी मी ग्लेनकडे गेलो आणि सांगितलं की हाक चुकीची आहे, चूक माझी आहे. त्याने कान खाजवला. “नो वरीज. मग काय म्हणायचं?” मी तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणालो, त्यालाच विचार. ग्लेनने विचारलं. त्या दिवसापासून वाफेतून ‘एनेबिश’ अशी हाक यायला लागली, अर्थात भयंकर उच्चारात. पण एनेबिश मान वर करून बघू लागला.

माझ्याशी तो साधारण महिनाभर बोलला नाही. सकाळी चहा करायचा, आभाळाला द्यायचा, मावशीला द्यायचा, आणि माझा कप रिकामाच पालथा ठेवायचा. मी मुकाट्याने आपला गोड चहा करून प्यायचो. सोलोंगो मात्र बोलायची, पण फक्त हुकूम: बादली आण, दार लाव, हळू चाल.

नोमिन परवाच आली होती. आता युनिव्हर्सिटी संपवून नोकरीला लागली आहे, माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तरं देते. तिच्या कार्डावर नोमिन एनेबिश आहे. लोक तिला मिस एनेबिश म्हणतात, ते तिला चालतं. “तेवढं बापाला ऐकायला आवडतं,” म्हणाली. आजीने नव्या सर्टिफिकेटची प्रत त्या जुन्या कागदाबरोबर पेटीत ठेवली होती. ती गेल्यावर पेटी उघडली तेव्हा दोन्ही कागद एकात एक घडी घालून ठेवलेले होते.

पण मी सांगत होतो तेव्हाचं. नवीन सर्टिफिकेट आलं त्या रविवारी त्यांनी नाव ठेवायचं रीतसर उरकलं. त्यांच्यात घरातलं वडीलधारं माणूस बाळाच्या कानात तीनदा नाव सांगतं. मावशी म्हणाली, आमच्या शेजारणीकडे बारशाला असंच करतात, आम्ही चर्चमध्ये डोक्यावर पाणी घालतो, एकूण काय, पोराला सांगावं लागतंच. टेबलावर मटणाचे गोळे वाफाळत होते, तिचा बोंबलाचा रस्सा होता आणि मध्ये खाऱ्या चहाचं मोठं भांडं. एनेबिशने चहा ओतला, आणि एक कप माझ्यापुढेही सरकवला, न बघता. मी तो एका घोटात प्यालो. जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं, ते चहाचंच होतं असं मी अजूनही सांगतो.

त्या कपाने मला धीर आला. सोलोंगोने नोमिनला उचलून मावशीच्या मांडीवर दिलं आणि मावशी कानाशी वाकली. तीन वेळा सांगायचं आहे, एक वेळ आपल्यालाही मिळेल, अशा आशेने मीही खुर्ची पुढे ओढून, घसा साफ करून वाकलो.

सोलोंगोने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला मागे केलं.

“तू बाहेर बस,” ती म्हणाली. “आणि खिशातलं पेन इकडे दे.”